कोस्तावरची जेंबरं

त्या दिवशी नोतच्या अंगात ताप होता, म्हणून वरच्या गोठ्यातल्या गाईंना चारा घालायला त्याची बायको स्ताशिया गेली. जानेवारी महिना होता आणि चार दिवस बर्फ पडायचं थांबलं नव्हतं. नोतची धाकटी बहीण ब्राइदा त्यांच्याच घरात राहायची. ती म्हणाली होती, मी जाते. स्ताशिया म्हणाली, तू याच्या कपाळावरच्या पट्ट्या बदल, माझ्या हातून तो पट्ट्या ठेवून घेत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला कोस्तावरून बर्फाचा लोंढा आला. कोस्ता म्हणजे वाल्पीरा गावाच्या डोक्यावरचा उघडा उतार. गोठा, सहा गाई, शेजारची दोन घरं आणि पाच माणसं घेऊन बर्फ थेट नदीपर्यंत गेला. स्ताशिया तिसऱ्या दिवशी सापडली.

कोस्ता पहिल्यापासून उघडा नव्हता. खालच्या खाणीतली चांदी वितळवायला लाकूड लागायचं, तेव्हा पणज्यांच्याही पणज्यांनी तिथलं रान तोडलं आणि मग शेळ्यांनी ते पुन्हा उगवू दिलं नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाच माणसं पुरल्यावर त्याबद्दल काही करायचं ठरलं. वरच्या अंगाला बर्फ अडवायला लोखंडी कुंपणं घालायची, शेळ्या-गाई कोस्तावर सोडायच्या नाहीत आणि तिथे पुन्हा रान उभं करायचं. रान जेंबरचं. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत जेंबर आणि लार्च सोडले तर दुसरं झाड तग धरत नाही, आणि लार्चची पानं हिवाळ्यात झडतात. जेंबर म्हणजे एका जागी सुयांसारखी पाच-पाच पानं असलेला डोंगरी पाइन. तो हिरवाच राहतो आणि बर्फ अंगावर धरून ठेवतो.

रोपवाटिकेचं काम बघायला ल्युशर नावाचे इंजिनियर आले. ते खालच्या सपाट मुलखातले, जर्मन बोलणारे. गावची भाषा ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे त्यांनी साधी कुदळ मागितली तरी चर्चमधलं प्रवचन ऐकल्यासारखं वाटायचं. लोक पाठीमागे हसायचे, पण माणूस सरळ होता. गावाखालच्या बटाट्याच्या जुन्या शेतात त्यांनी वाफे आखले आणि कामाला तीन बायका घेतल्या. त्यांतली एक ब्राइदा. तेहतीस वर्षांची, लग्न न झालेली, आणि जिच्या परसातली कोबी दरवर्षी गावात सगळ्यात आधी गड्डा धरायची, अशी.

पहिलं काम बियांचं. नदीपलीकडे जेंबरचं जुनं रान शिल्लक होतं. सप्टेंबरात तिथे बियांनी भरलेले शंकू तयार होतात, पण ते आपण होऊन गळायची वाट बघितली तर हाती काही लागत नाही. वर चढून, आकडीने ओढून काढावे लागतात. जानेवारीपासून धड चार वाक्यं न बोललेला नोत त्या दिवशी न सांगता आकडी घेऊन आला आणि झाडावर चढला. संध्याकाळी उतरला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत डिंकाने काळे झाले होते. ब्राइदाने लोणी चोळून ते साफ केले. पोती मात्र निम्मीच भरली होती, कारण ठिपक्या आधी येऊन गेला होता.

ठिपक्या हा कावळ्याच्या जातीचाच पक्षी, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला. जेंबरच्या बिया चिलगोज्यासारख्या, खायला गोड. ठिपक्या शंकू फोडून त्या गळ्याखालच्या पिशवीत भरतो आणि फुगलेला गळा घेऊन उडून जातो. गावात त्याला चोरच म्हणत. ठिपक्या मारून आणला की पंचायत बक्षीस द्यायची, ही रीत नोतच्या आजोबांच्या आधीपासूनची. आतापर्यंत नोत हरणं आणि डोंगरी रानबकरे मारायचा, ठिपक्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता. त्या सप्टेंबरापासून तो त्यांच्यामागे लागला. बक्षीस त्याने कधीच नेलं नाही. मारलेले पक्षी तो रोपवाटिकेच्या कुंपणाला टांगून ठेवायचा, आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, हे रान आधी असतं तर माझी बायको आज असती, आणि हे हरामखोर त्याचं बी पळवतात.

ब्राइदाच्या वाट्याला दुसरी चिकाटी आली. जेंबरचं बी पेरलं की लगेच उगवत नाही. ते ओल्या वाळूत थर देऊन पेटीत भरायचं, पेटी जमिनीत पुरायची आणि थंडी खाऊ द्यायची. काही बी एका हिवाळ्याने जागं होतं, काहींना दोन लागतात. पहिल्या उन्हाळ्यात वाफ्यांत तुरळक हिरवं दिसलं, एवढंच. शेजारचा याखन रोज दूध घेऊन जाताना कुंपणापाशी थांबायचा.

"ब्राइदा, माझी कोंबडी एकवीस दिवसांत पिल्लं काढते. तू वर्षभर बसलीयेस."

"मग तुझ्या कोंबडीला पाठव," ब्राइदा म्हणाली. "मला तरी सुट्टी मिळेल."

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र वाफे भरून आले. टोपी घातल्यासारखं टरफल डोक्यावर घेऊन रोप वर यायचं, मग टरफल पडायचं आणि दहा-बारा कोवळ्या सुयांची चांदणी उघडायची. त्यानंतर वर्षभर बघत बसलं तरी काही घडत नाही. तीन वर्षांचं रोप अंगठ्याएवढं. त्याच्यावर ऊन कडक पडू नये म्हणून लाकडी पट्ट्यांची छपरं, उंदीर आणि ठिपक्या येऊ नयेत म्हणून जाळ्या, आणि गवत इतकं भराभर वाढणारं की गुडघे टेकून खुरपत पुढे जाईतो मागचं पुन्हा माजलेलं. तिसऱ्या वर्षी एकेक उपटून मोकळं लावायचं, मूळ वाकू न देता. हे सगळं ब्राइदाने आठ वर्षं केलं.

या आठ वर्षांत एक गोष्ट तिच्या डोळ्यांत भरली. उत्तरेकडच्या भिंतीलगत एक वाफा होता. भिंतीच्या सावलीमुळे तिथला बर्फ मे संपेपर्यंत वितळायचा नाही. दर वसंतात बर्फाखालून त्या वाफ्यातली रोपं काळ्या बुरशीच्या जाळ्यात गुंडाळलेली निघायची, कोणी कोळ्याच्या जाळ्यात काजळ मिसळून फासावं तशी. ल्युशर साहेबांनी बुरशीचं नाव सांगितलं आणि रोपं जाळायला लावली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शेवटी ब्राइदाने तो वाफा सोडून दिला आणि तिथे पालक लावला.

रोपं वीतभर झाली आणि नवव्या वर्षीच्या जुलैमध्ये ती कोस्तावर न्यायची वेळ आली. एकूण आठ हजार. साहेबांनी नकाशा काढला होता. कोस्ताचा उतार एकसारखा नाही. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत खडकाळ कणे उतरतात आणि दोन कण्यांमध्ये खोलगट घळी आहेत. खड्डे घळींत खणायचे, असं नकाशावर होतं. तिथे माती खोल आहे, ओल आहे आणि वारा लागत नाही.

ब्राइदाने नकाशातल्या घळींवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "साहेब, तिथे बर्फ फार दिवस राहतो. मी वाफ्यांतून रोज कोस्ता बघते. कणे एप्रिलात मोकळे होतात. घळी जून संपेपर्यंत पांढऱ्या असतात. भिंतीजवळच्या वाफ्याचं झालं तेच होईल."

साहेबांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. कण्यांवर हिवाळ्यात बर्फाचं पांघरूण उरत नाही, वारा सुया करपवून टाकेल, असं ते म्हणाले. भिंतीजवळ हवा कोंडते, डोंगरावर तसं नाही. बाहेरच्या देशांतले दाखलेही त्यांनी दिले. ब्राइदाकडे दाखले नव्हते. एवढंच होतं की ती बघत आली होती.

"आणि तुझं खरं निघालं तर?" साहेबांनी शेवटी विचारलं. त्यात चेष्टा नव्हती.

"तर आठ वर्षं वाया गेली," ती म्हणाली.

आठ हजार रोपं बायकांनी पाठीवरच्या टोपल्यांतून वर नेली आणि नकाशाप्रमाणे घळींत लावली. वाकड्या खोडाची, दोन शेंड्यांची अशी तीनेकशे रोपं टाकून द्यायची म्हणून बाजूला काढली होती. ब्राइदाने ती मागून घेतली. साहेब म्हणाले, कुठे हवी तिथे लाव. तिने ती मधल्या कण्यावर लावली, दगडाच्या आडोशाला, एकेक.

पहिले दोन हिवाळे बेताचे गेले आणि घळींतली रोपं ठीक दिसत होती. ब्राइदाला आपलंच चुकलं असं वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला बरंच वाटत होतं. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात घळी मोकळ्या झाल्या तेव्हा ती एकटीच वर गेली. पहिल्या घळीत ती खालपासून वरपर्यंत चालली आणि वाटेत एकही हिरवं रोप भेटलं नाही. सगळी काळी, चिकट, जमिनीला चिकटून निजलेली. दुसऱ्या घळीत काठाकाठाने थोडी वाचली होती. तिसऱ्या घळीत ती उतरलीच नाही, वरूनच दिसत होतं. आपलं खरं झालं असं एकदाही तिच्या मनात आलं नाही. प्रत्येक रोप तिने दोनदा हातात घेतलेलं होतं, एकदा वाफा बदलताना आणि एकदा टोपलीत भरताना.

ल्युशर साहेब दोन दिवसांनी आले. ते घळीत बसले, एक रोप उपटून त्याच्यावरची बुरशी नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "तू सांगितलं होतंस. मी ते अहवालात तुझ्या नावानिशी लिहीन."

"माझी कशी आहेत ते आधी बघा," ब्राइदा म्हणाली.

कण्यावरच्या तीनशेंपैकी निम्मी गेली होती. साहेब म्हणाले होते तसं वाऱ्याने करपवलं होतं, आणि काहींचे शेंडे सशांनी कुरतडले होते. उरलेली निम्मी जगली होती, पण रखडत. म्हणजे दोघांचंही थोडं थोडं चुकलं होतं. दोघं तसेच कण्यावरून वर चढत गेले आणि तिथे, जिथे कोणी काहीच लावलं नव्हतं, ब्राइदाला एका खडकाच्या खांद्यावर जेंबरचा झुबका दिसला. पाच रोपं एकाच जागेतून, एकमेकांना चिकटून वर आलेली, गर्द हिरवी. थोडं पुढे तसाच दुसरा. मग तिसरा. खोडावरची दरवर्षीची पेरं मोजली तर काही आठ वर्षांची निघाली, काही तीन. शेळ्या बंद झाल्यानंतरची सगळी.

ब्राइदाने सुरीने एका छोट्या झुबक्याखालची माती उकरली. बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर न उगवता कुजलेल्या बियांची सहा-सात टरफलं एकत्र पडली होती, मुठीतून टाकल्यासारखी. बाजूला दोन बिया अजून अख्ख्या.

तिला उडणारे ठिपक्या पक्षी आठवले. फुगलेला गळा घेऊन ते नदी ओलांडून कोस्ताकडे जायचे, ते तिने शंभरदा बघितलं होतं, आणि चोर माल घेऊन पळाला एवढंच मनात आलं होतं. हिवाळ्यात उकरून खायचं तर बी जिथे बर्फ टिकत नाही तिथेच लपवावं लागणार. आणि थोडं विसरलं जाणार.

साहेबही टरफलांकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी कण्यांवर लावू, झुबक्यांनी, पण आधी या पक्ष्यांना मारणं बंद व्हायला हवं. ते पंचायतीच्या सभेत ठरतं. मी बाहेरचा माणूस, मला तिथे हात वर करता येत नाही.

ब्राइदालाही येत नव्हता. सभेला पुरुष जायचे. बायका आपल्या घरात बसून निकाल ऐकायच्या. गावात असा एकच माणूस होता की ठिपक्यांबद्दल तो बोलला तर बाकीचे ऐकतील, आणि त्याला हे सांगणं तिच्यावर आलं.

तिने आठवडाभर सांगितलं नाही. जेवणात सातूचं सूप, भाकरी, वाळवलेलं मांस पुढे ठेवायची आणि बोलायचं म्हणून तोंड उघडून मीठ हवं का विचारायची. शेवटी एका रविवारी चर्चमधून आल्यावर म्हणाली, दादा, माझ्याबरोबर वर चल. नोत कोस्तावर स्ताशिया गेल्यापासून कुंपणाच्या कामापुरताच गेला होता. तो आला. तिने त्याला त्या खडकाशी नेलं, सुरी त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या एका झुबक्याकडे बोट केलं.

"खण," ती म्हणाली. "हळू. मुळं तोडू नकोस."

त्याने खणलं. टरफलं हातात घेतली. नोत शिकारी माणूस, जनावराची खूण ओळखायला त्याला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. मग त्याने सभोवार बघितलं, कण्यावर वर-खाली, आणि ब्राइदाला कळलं की तो झुबके मोजतोय.

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"आठ दिवस."

"आठ दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस."

"हो."

"मी अकरा वर्षं मारले ते," तो म्हणाला. "तिच्या नावाने मारले."

ब्राइदाला वाटलं होतं तो ओरडेल, तिला खोटं पाडेल. त्यासाठी ती तयार होती. पण त्याने टरफलं पुन्हा खळग्यात ठेवली, वर माती ओढली, हाताने दाबली आणि तिच्याकडे न बघता उतरून गेला. त्यानंतर दोन आठवडे तो याखनच्या घरी जेवला. घरी झोपायला यायचा, सकाळी उठून जायचा. एका सकाळी रोपवाटिकेच्या कुंपणाला टांगलेलं सगळं नाहीसं झालेलं दिसलं. कोणी काढलं ते तिने विचारलं नाही.

सभा ऑगस्टच्या सुरुवातीला, शाळेच्या खोलीत झाली. बक्षीस चालू ठेवायचं का, हा विषय दरवर्षी यायचा आणि दरवर्षी कोणी न बोलता हात वर व्हायचे. ब्राइदाला पुढचं याखनने सांगितलं, दाराशी उभं राहून, टोपी न काढता.

सरपंचाने विषय वाचला तेव्हा नोत उभा राहिला आणि म्हणाला, बक्षीस बंद करा. पलीकडून कोणीतरी म्हणालं, का रे, आता नेमक्या गोळ्या परवडेनात का? लोक हसले. दुसरा म्हणाला, बहिणीने शिकवून पाठवलंय, तिला इथे बसायला मिळत नाही ना.

"हो, तिनेच शिकवलं," नोत म्हणाला. "मी शिकवून घ्यायला अकरा वर्षं लावली. कोस्तावर आपण आठ हजार लावली, त्यातली दीडशे जगली असतील. चारशेच्या वर झुबके उभे आहेत, ते आपण लावलेले नाहीत. ज्याला खोटं वाटतं त्याने उद्या माझ्याबरोबर यावं. आणि माझी बायको कुठे सापडली ते इथे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मी हे गंमत म्हणून बोलत नाही."

मग कोणी हसलं नाही. तरी सगळे पटलेही नाहीत. बाजूने एकोणीस हात आले, विरुद्ध सोळा.

"तुझा हात कुठे होता?" ब्राइदाने याखनला विचारलं.

"दोन आठवडे तो माझ्या घरी जेवतोय आणि प्रत्येक घासाला ठिपक्यांचं सांगतोय," याखन म्हणाला. "हात वर केला नसता तर महिनाभर ऐकावं लागलं असतं."

त्या दिवशी नोत घरी जेवायला आला. त्याने सूप दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, शंकू काढायला कधी जायचंय ते चार दिवस आधी सांग, आकडीचा दांडा बदलायला हवा.

ल्युशर साहेबांनी अहवालात ब्राइदाचं नाव खरंच लिहिलं, पण ते चुकून ब्रिगिता असं छापलं गेलं. पुढची वीस वर्षं कोस्तावर लागवड चालू राहिली, कण्यांवर, पाच-पाच रोपांच्या झुबक्यांनी. दर सप्टेंबरात जुन्या रानातले निम्मे शंकू न तोडता ठेवायचे असा नियम नोतने केला. त्याने हरणांची शिकार सोडली नाही, आणि दुसरं लग्नही केलं नाही. गावाने मागितलं नव्हतं, तरी त्याने प्रत्येक झुबक्याजवळ खुंटी ठोकली, म्हणजे बर्फातही जागा सापडावी. एका शरद ऋतूत झाडावरून उतरताना त्याचा पाय मोडला आणि त्यानंतर तो खालूनच सूचना द्यायचा. त्याबद्दल ब्राइदाची रोज तक्रार असायची.

तो गेला तेव्हा ब्राइदा अडुसष्ट वर्षांची होती. तोवर बायकांनाही सभेत हात वर करता येऊ लागला होता. ती दर सभेला जायची आणि सहसा विरुद्ध बाजूने मत द्यायची. कोस्तावरची सगळ्यात थोरली जेंबरं तेव्हा तिच्या डोक्याच्या वर गेली होती, बाकीची कमरेएवढी.

नव्या इंजिनियर बाई आल्या, पंचविशीतल्या, तेव्हा ब्राइदाने त्यांना काठी टेकत मधल्या कण्यावर नेलं. बाईंनी विचारलं, लोखंडी कुंपणं काढता येतील इतकं रान केव्हा होईल?

"अजून साठ-सत्तर वर्षं तरी धरा," ब्राइदा म्हणाली. "आणि खालच्या चार झुबक्यांना तारेची जाळी हवी आहे. सशांनी साली सोलल्यात. ते या आठवड्यातच व्हायला पाहिजे."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. ब्राइदाने वाकून बघितलं, चारच लिहिलेत ना, आणि मग पुढच्या झुबक्याकडे चालू लागली.